कोब्यावर इपॉक्सीचा लेप : घ्यावा कुठं, टाळावा कुठं?



देवणी म्हटलं की डोळ्यांपुढं आधी गाय उभी राहते. पांढरी बालंक्या, काळ्या तोंडाची वानेरा, काळ्या ठिपक्यांची शेवरा. आपल्या गावाचं नाव या गाईनं दूरवर नेलं. पण या पत्रकात आपण गाईबद्दल कमी आणि तिच्या पायाखालच्या जमिनीबद्दल जास्त बोलणार आहोत. गाईच्या, पोत्यांच्या, दुधाच्या कॅनच्या आणि ट्रॅक्टरच्या पायाखालची जमीन कशी असावी, हा प्रश्न आता घरोघर आला आहे.

पूर्वी जमीन म्हणजे मुरूम चोपायचा आणि वरून शेणानं सारवायचं. ऐपत असली तर शहाबादी फरशी. आता सिमेंटचा कोबा आला आणि त्याच्या मागोमाग चकचकीत इपॉक्सीचा लेपही आला. उदगीर-लातूरला एखाद्या दवाखान्यात किंवा शोरूममध्ये आरशासारखी जमीन दिसते आणि वाटतं, आपल्याही धान्याच्या खोलीला असं करावं. रंगवाला म्हणतो, "मालक, दोन दिवसांत चकाचक करून देतो, पुढं बघायचं कामच नाही." पुढं बघायचं काम असतं. लेप चुकीच्या जागी लावला तर पैसे जातातच. गाय घसरून तिचा पाय मोडला तर ते नुकसान कशानंच भरून येत नाही. म्हणून हे पत्रक. रेडिओवर ऐकलेलं ऐन कामाच्या वेळी आठवत नाही, तेव्हा हे जपून ठेवा आणि मिस्त्रीलाही वाचून दाखवा.

इपॉक्सी म्हणजे काय?

मोडलेली वस्तू चिकटवायला दोन नळ्यांचा डिंक मिळतो, तो तुम्ही वापरला असेल. एका नळीतलं थोडं, दुसरीतलं थोडं, दोन्ही कालवायचं आणि चिकटवायचं. तो डिंक इपॉक्सीचाच. १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधून तो बाजारात आला. जमिनीचा लेप त्याच जातीचा. एका डब्यात राळ असते, दुसऱ्यात तिला घट्ट करणारं औषध, म्हणजे हार्डनर. दोन्ही एकत्र आले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते, मिश्रण तापतं आणि दगडासारखं कडक होतं.

साधा रंग वाळतो, इपॉक्सी 'पिकतं'. म्हणून त्याचं प्रमाण चुकवून चालत नाही. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर पिकेल असं नाही. उलट लेप ठिसूळ किंवा चिकट राहतो. आणि बाजारात एकाच डब्यात 'इपॉक्सी फ्लोअर पेंट' म्हणून जे मिळतं, ते बहुतेक वेळा साध्या रंगाचंच भावंडं असतं. खऱ्या कामाचा लेप दोन डब्यांचा, ही पहिली खूण.

कोणत्या जागेला लेप लावावा?

आधी स्वतःला विचारा, या जमिनीवर काय होणार आहे? उत्तर जागेप्रमाणे बदलतं.

१) गाई-म्हशी उभ्या राहतात ती जागा : इथं इपॉक्सी लावू नका. गुळगुळीत जमिनीवर शेण आणि मूत्र पडलं की खूर टिकत नाही. गाभण गाय, नुकती व्यालेली गाय घसरली तर उठवणं मुश्किल. गोठ्याला खरबरीत कोबाच चांगला. कोबा ओला असतानाच त्यावर खराट्याचे ओरखडे काढा किंवा चौकटीच्या खाचा पाडा. उतार नालीकडे ठेवा. पाच फुटांना एक ते दीड इंच पुरे. गाय बसते तिथं चोपलेला मुरूम किंवा रबरी चटई असली तर गुडघ्यांना जखमा होत नाहीत.

२) दूध ठेवण्याची व मोजण्याची खोली : इथं लेपाचा खरा उपयोग आहे. सांडलेलं दूध आंबतं, आणि आंबलेलं दूध सिमेंटमधला चुना खात राहतं. काही वर्षांत कोबा खड्डे पडून खडबडीत होतो, त्यात घाण साचते आणि वास सुटतो. शहाबादी फरशीसुद्धा चुनखडीचाच दगड, तिलाही आंबटपणा बाधतो. इपॉक्सीला सांधे नसतात आणि पाणी मारलं की ते स्वच्छ होतं. मात्र वरच्या थरात बारीक गारगोटीची वाळू पेरून घ्या, नाहीतर कॅन घेऊन जाणारा माणूस घसरेल. आणि उकळतं पाणी किंवा खव्याची कढई यांचा या लेपाशी संबंध येऊ देऊ नका. साधं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. भट्टीजवळ दगडच बरा.

३) धान्याची व बियाण्याची खोली : सोयाबीन, तूर, हरभरा यांना ओल आणि उंदीर हे दोन शत्रू. लेप असला तर जमीन झाडायला सोपी, फटीत किडे राहत नाहीत. पण लेप खालून येणारी ओल बरी करत नाही, तो फक्त झाकतो. ती गोष्ट पुढं सविस्तर सांगतो. लेप केला तरी पोती थेट जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळ्या टाका आणि भिंतीपासून थोडं अंतर सोडा. सोयाबीन १० ते १२ टक्के ओलाव्यावर आल्याशिवाय पोत्यात भरूच नका. ओलं सोयाबीन चकचकीत जमिनीवरही तापतंच.

४) खताची खोली : अमोनियम सल्फेटसारखी काही खतं ओल धरून सिमेंट खातात. इथं लेप बांधकामाचं रक्षण करतो. जागा लहान असते, खर्चही कमी येतो.

५) ट्रॅक्टरची शेड : रबरी टायर उन्हातून तापून येतो आणि उभा राहतो. पातळ लेप त्याला चिकटून सालीसारखा निघतो. लोखंडी चाकं, नांगराचे फाळ, रोटाव्हेटरची पाती तर एका हंगामात लेप ओरबाडून काढतील. सगळ्या शेडला लेप लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं. ऑईल बदलायचा कोपरा तेवढा लेपून घ्या, म्हणजे डिझेल-ऑईल कोब्यात मुरणार नाही.

६) खळं, ओटा, अंगण : उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं आणि वरून भुकटी सुटते. उघड्या जागेला हा लेप नाही. दरवाजातून रोज ऊन येत असेल तर वरून उन्हाला टिकणारा पॉलियुरेथेनचा थर द्यावा लागतो, म्हणजे खर्च वाढला.

खालची ओल आधी तपासा

आपल्याकडं काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट घातलेला कोबा वर-खाली होतो आणि तडकतो. तडा कोब्यात गेला की लेपातही जाणारच. इपॉक्सी कडक असतं, ते ताणलं जात नाही.

दुसरं म्हणजे, काळ्या मातीतली ओल दिव्याच्या वातीतून तेल चढतं तशी कोब्यातून वर चढते. साधा कोबा ती हळूहळू हवेत सोडून देतो. वरून इपॉक्सीचं झाकण बसवलं की तिला वाट राहत नाही. मग लेपाखाली पाणी साचतं, फोड येतात आणि एके दिवशी पापुद्रे निघतात. लोक म्हणतात, रंग खराब निघाला. रंग चांगला असतो, जमीन ओली असते.

ही तपासणी बिनपैशाची आहे. खताच्या पोत्यात आतून पातळ प्लास्टिकची पिशवी असते. ती धुऊन, वाळवून दीड फूट चौरस तुकडा कापा. कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. संध्याकाळी लावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उघडा, म्हणजे १६ तासांच्या वर होऊ द्या. प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा गर्द झाला, तर ओल आहे. खोलीत तीन-चार जागी ही परीक्षा करा. पावसाळा संपता संपता केलीत तर जास्त खरी. उन्हाळ्यात कोरडा दिसलेला कोबा श्रावणात ओला असू शकतो.

ओल निघाली तर लेप थांबवा. पत्र्याचं पाणी पायाशी पडत असेल तर पन्हळ लावा. घराभोवती नाली काढा. गोठ्याचं पाणी भिंतीला लागून मुरत असेल तर ते वळवा. तरी ओल गेली नाही तर साध्या कोब्यावरच समाधान माना.

नवीन कोबा घालणार असाल तर संधी हातात आहे. काळी माती काढून निदान दीड-दोन फूट चांगला मुरूम थराथरानं भरा, पाणी मारून चोपा. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, १००० गेज म्हणजे पाव मिलिमीटर जाडीचा. जोड एकमेकांवर फूटभर चढवा. त्यावर काँक्रीट. मोठी जागा असेल तर मधे सांधे सोडा. पहिले सात दिवस पाणी मारायला चुकू नका आणि २८ दिवस होईपर्यंत लेपाचं नाव काढू नका.

जुना कोबा लेपाजोगा आहे का?

तीन सोप्या परीक्षा करा.

पाण्याची परीक्षा : कोब्यावर चमचाभर पाणी टाका. एक-दोन मिनिटांत जिरलं तर चांगलं. मोत्यासारखे थेंब उभे राहिले तर वर तेल, मेण किंवा जुना रंग आहे. त्यावर इपॉक्सी धरत नाही.

खिळ्याची परीक्षा : खिळ्यानं ओरखडा काढा. पांढरी भुकटी सुटली तर वरचा थर कच्चा आहे. आपले मिस्त्री कोबा संपताना सुकं सिमेंट भुरभुरून थापीनं घोटतात, जमीन काळी तुकतुकीत दिसते. दिसायला छान, पण हाच थर सर्वांत कमजोर असतो. लेप त्याला चिकटतो आणि त्याच्यासकट निघतो. म्हणून इपॉक्सी करायचं असेल तर मिस्त्रीला आधीच सांगा, वरून कोरडं सिमेंट घोटू नको.

हातोडीची परीक्षा : हलकेच ठोकत चला. भद्द, पोकळ आवाज आला तर तिथला कोबा खालून सुटलेला आहे. तो भाग फोडून नव्यानं भरा.

जमीन तयार करणं हेच खरं काम

कामाचा बहुतेक वेळ तयारीत गेला पाहिजे. फरशी घासायच्या मशीननं वरचा कच्चा थर काढून टाका, हात फिरवला तर बारीक पॉलिशकागदासारखा खरबरीतपणा लागला पाहिजे. कोरडं घासताना नाका-तोंडाला चांगला मास्क बांधा. ती धूळ फुप्फुसात बसते. पाणी घालून घासलं तर पुढं काही दिवस पूर्ण वाळू द्या.

काही जण ॲसिडनं धुतात. मशीन मिळत नसेल तर चालतं, पण जपून. दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड. नेहमी ॲसिड पाण्यात ओता. पाणी ॲसिडमध्ये ओतलं तर ते अंगावर उडतं. रबरी हातमोजे, चष्मा, पायात गमबूट हवेत. जनावरं, लेकरं, पत्र्याच्या कणग्या दूर ठेवा. फेस थांबल्यावर तीनदा भरपूर पाण्यानं धुवा आणि वाळू द्या. तेलकट जागेवर ॲसिड चालत नाही. ती आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून घासा. तेल खोल मुरलं असेल तर तेवढा कोबा काढून नवा घाला.

भेगा, खड्डे भरून घ्या, झाडून-पुसून धूळ काढा. जिथं धूळ राहिली तिथं लेप धुळीला चिकटतो, जमिनीला नाही.

माल कसा निवडावा?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत. पाण्यात मिसळलेला पातळ इपॉक्सी : वास कमी, लावायला सोपा, पायाच्या वर्दळीला पुरेसा. थिनरवाला इपॉक्सी रंग : वास उग्र, पेटायची भीती, थर पातळच. तिसरा बिनपाण्याचा, बिनथिनरचा पूर्ण घन इपॉक्सी : जाड थर देतो, महाग असतो आणि लावायला सरावाचा हात लागतो.

किंमत डब्यावरून तोलू नका, पिकल्यावर किती जाडी उरते त्यावरून तोला. हिशोब सोपा आहे. पूर्ण घन इपॉक्सी एक लिटर घेतलं, तर पावणेअकरा चौरस फुटांवर एक मिलिमीटर जाडी मिळते. तुमची खोली १२ बाय १५ फूट, म्हणजे १८० चौरस फूट. अर्धा मिलिमीटर थर हवा तर सुमारे साडेआठ लिटर माल लागेल. पण ज्या मालात घन भाग निम्माच आहे, त्याचं पाणी किंवा थिनर उडून जातं. तिथं तेवढ्याच जाडीला सतरा लिटरच्या आसपास लागेल. स्वस्त डबा असा महाग पडतो. म्हणून दुकानदाराला विचारा, "घन भाग किती टक्के?" त्याला सांगता येत नसेल तर मालाचं माहितीपत्रक मागा. डब्यावरची मुदत पाहा आणि पक्की पावती घ्या.

लावताना

वेळ निवडा. आपल्याकडं दिवाळीनंतर ते होळीच्या आधीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो, लेपावर तेलकट पांढरट साय येते आणि पुढचा थर धरत नाही. वैशाखात मिश्रण बादलीतच घट्ट होतं. सकाळी जमीन तापत जाते तसा कोब्यातला वारा फुगून वर येतो आणि लेपात बुडबुडे राहतात. म्हणून दुपार उलटल्यावर, जमीन निवत असताना लावा. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत मात्र उशीर करू नका. दहा अंशांच्या खाली बरेच लेप नीट पिकत नाहीत.

अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. दोन्ही डबे कंपनीनं लिहिलेल्या मापानं घ्या, अंदाजानं नको. तीन मिनिटं सावकाश ढवळा, कडा-तळ खरवडा, दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा ढवळा. पातळ करायला रॉकेल किंवा पाणी मनानं घालू नका. उरलेलं मिश्रण बादलीत साठवून ठेवलं तर ते तापतं, कधी धूरही निघतो. ते वाळूवर पातळ पसरून टाका.

आधी प्रायमर, मग मुख्य थर. दोन थरांतलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. एक दिवस झाल्यावर माणसानं चालावं, हलकं सामान तीन दिवसांनी, दुधाचे कॅन, धुणं आणि जड वजन सात दिवसांनी.

सगळी खोली करण्याआधी एका कोपऱ्यात तीन फूट चौरस तुकडा करून पाहा. सात दिवसांनी चाकूनं चौकटीचे काप घ्या, त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यानं ओढा. लेप उचलून आला तर काम थांबवा. एका कोपऱ्याचा खर्च पूर्ण खोलीच्या खर्चापेक्षा कधीही बरा.

जिवाची काळजी

हार्डनर अंगाला लागला तर खाज, पुरळ येतं आणि एकदा अंगाला बाधलं की पुढं थोड्यानंही बाधतं. हातमोजे घाला. लागलंच तर साबण-पाण्यानं धुवा, थिनरनं नको. डोळ्यात गेलं तर पाणी मारत राहा आणि डॉक्टरकडं जा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. थिनरवाला माल असेल तर बिडी, चूल, कंदील लांब. लेकरं आणि जनावरं लेप पिकेपर्यंत आत नकोत. आणि एक गोष्ट काळजात ठेवा : रिकामे डबे पाणी, धान्य, पेंड कशालाही वापरू नका. डबा मजबूत दिसतो म्हणून मोह होतो. त्याला भोक पाडून टाका.

लेप परवडत नसेल तर?

वाईट वाटून घेऊ नका. धूळ सुटणारा कोबा सुधारायला जुना उपाय आहे, जलकाच म्हणजे सोडियम सिलिकेट. एक भाग जलकाच, चार भाग पाणी. स्वच्छ, कोरड्या कोब्यावर ब्रशनं मारा, वाळू द्या, वर राहिलेलं पाण्यानं पुसून पुन्हा मारा. असे तीन हात. जलकाच सिमेंटमधल्या चुन्याशी धरून वरचा थर कडक करतो. आंबटापासून पूर्ण रक्षण होत नाही, पण धान्याच्या खोलीला बहुतेक घरी एवढं पुरतं. यालाही हातमोजे हवेतच.

थोडक्यात

दुधाची खोली, खताची खोली, ऑईलचा कोपरा : जमीन कोरडी व पक्की असेल तर इपॉक्सी घ्या. बियाण्याची खोली : हिशोब बसत असेल तर घ्या, नाहीतर जलकाच. गोठा, खळं, भट्टी, अख्खी ट्रॅक्टर शेड : घेऊ नका.

मिस्त्रीशी बोली करताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्या : जमीन मशीननं घासणार, ओलीची परीक्षा तुमच्यासमोर करणार, किती मिलिमीटर थर देणार, आणि पापुद्रा निघाला तर काय करणार. जो माणूस हे लिहून द्यायला कचरतो, त्याला काम देऊ नका.

पेरणीआधी आपण रान तयार करतो, मग बी टाकतो. इथंही तसंच आहे. जमीन आधी, लेप मागून. ज्या सोयाबीनवर पुढच्या वर्षाची पेरणी आहे आणि ज्या गाईवर घरातल्या लेकरांचं दूध आहे, त्यांच्या पायाखालचं काम घाईनं करू नका.

राम राम.